‘आळशी’ म्हणण्याआधी टुडी एको करा

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो २०० मीटर धावतो, रिलेत पळतो आणि मिळालेलं पदक झोपतानासुद्धा गळ्यातून काढत नाही. आई-बाबा थकल्यापासून त्याला सरावाला नेणं माझ्याकडे आलं. गेल्या हिवाळ्यात तो वळणापर्यंत पळायचा आणि तिथेच मांडी घालून बसायचा. पाणी मागायचा, “पोट दुखतं” म्हणायचा. मैदानावरच्या प्रशिक्षकांना हा लहरीपणा वाटला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात ठोके १५५च्या वर जात नव्हते. त्यावरून तो जोरच लावत नाही, असंही ठरवून टाकलं गेलं.

ते घड्याळ २२० मधून वय वजा करून १९४ ठोक्यांची अपेक्षा धरत होतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे ठोके पूर्ण जोर लावूनही साधारण २५ ते ३० नी कमीच राहतात. भावाच्या वयाला ही मर्यादा १६५च्या आसपास येते. म्हणजे तो जवळजवळ सगळी ताकद लावून पळत होता आणि आम्ही त्याला “अजून जोर लाव” म्हणत होतो. अशा खेळाडूंना शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. भावाच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला मोठं छिद्र होतं आणि झडपाही नीट वेगळ्या झालेल्या नव्हत्या. तान्हेपणीच शस्त्रक्रिया झाली. शाळेत जाईपर्यंत तपासण्या झाल्या, मग हळूहळू थांबल्या. मुलांचे हृदयतज्ज्ञ सुटले आणि मोठ्यांचे कोणी गाठले नाहीत. फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत गेली. बाकीची माहिती आईच्या डोक्यात, आणि आईला आता तारखा आठवत नाहीत. अशी किती घरं मला पुढे भेटली! दुरुस्त केलेली झडप वर्षांनंतर पुन्हा गळू शकते, हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे ही तपासणी जन्मभराची असते.

ईसीजीला पहिल्यांदा गेलो तेव्हा थंड जेल लागताच त्याने सगळ्या वायरी ओढून काढल्या. परत आलो. मग घरी रोज रात्री मी त्याच्या छातीवर टिकल्या लावायचे, तो माझ्या हातावर लावायचा, आणि दोघं न हलता पडून राहायचो. पुढच्या खेपेला तो स्वतःहून शर्ट काढून आडवा झाला. ज्यांच्या घरी “हा तपासूच देत नाही” अशी अडचण आहे, त्यांनी हे करून बघावं. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. बाहेर ताटकळून बसल्यावर कोणाचाही धीर सुटतो.

ईसीजी, टुडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रक्ततपासणी यांतून कळलं की डावीकडची झडप मध्यम प्रमाणात गळत होती आणि थायरॉइडचं काम मंदावलं होतं. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडची तक्रार इतकी वारंवार दिसते की ती रक्ततपासणी दरवर्षी करायलाच हवी. गोळी सुरू झाली, काही महिन्यांत चेहऱ्यावरची सूज उतरली, वजन खाली आलं. झडपेवर डॉक्टरांची नजर आहे.

नातेवाईक म्हणाले, आता पळणं बंद करा. डॉक्टरांनी मात्र चालणं आणि हलकं धावणं मुद्दाम चालू ठेवायला सांगितलं, आणि मला ते पूर्ण पटतं. स्नायूंचा मुळातला सैलपणा, वाढणारं वजन, झोपेत अडणारा श्वास आणि काही जणांना वर्तनासाठी दिलेली, भूक वाढवणारी औषधं यांनी या मुलांचं हृदय तसंही ओझ्याखाली असतं. मैदान काढून घेतलं तर ते ओझं वाढतंच. आता भाऊ धावताना मी त्याला क्रिकेटचा स्कोअर विचारते. उत्तर देता आलं तर वेग बरोबर, फक्त मान हलली तर चालायला लावते.

छातीत दुखतंय हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. त्याचं पोटदुखीचं गाऱ्हाणं, मध्येच बसणं, ओठ निळसर होणं, मोज्यांचे खोल वळ, रात्री उशी उंच मागणं, आवडत्या खेळाला अचानक नकार, यातलं काहीही नवीन दिसलं तर ‘त्याच्या अपंगत्वामुळे असेल’ म्हणून सोडू नका. धावताना शुद्ध हरपली तर त्या दिवसापासून सराव बंद आणि थेट हृदयतज्ज्ञ. मान दुखणं, चाल बदलणं, हाताची पकड सैल होणं हेही लगेच दाखवा, कारण डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. दातांचं काम करण्याआधी दंतवैद्याला हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगा.

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धांत १९९७ पासून खेळाडूंच्या आरोग्य तपासण्या होतात. डोळे, दात, कान, पाय बघतात. त्या जरूर करून घ्या, पण त्यांवर टुडी एकोचं काम भागत नाही. खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. मूल १८ वर्षांच्या आतलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जन्मजात हृदयदोष त्यात येतो.

स्पर्धेच्या अर्जावर ‘तंदुरुस्त’ असा शिक्का घेण्यापूर्वी जुनी फाइल शोधा, तिचे फोटो फोनमध्ये ठेवा, आणि शस्त्रक्रिया, औषधं, डॉक्टरांचा फोन एका कागदावर लिहून तो प्रशिक्षकांच्या हातात द्या. शेवटचा टुडी एको कधी झाला हे आठवत नसेल, तर याच आठवड्यात वेळ घ्या.