शिडीवरची कळ

गोवंडीच्या वस्तीत अशी घरे पुष्कळ आढळतात : खाली एक खोली, तिच्यावर माळा आणि दोहोंना जोडणारी उभी लोखंडी शिडी. दिव्याची कळ मात्र खाली दाराशी असते. माळ्यावर निजावयास जाणाऱ्याने दिवा मालवला, तर शिडी काळोखात चढावी लागते. न मालवावा, तर तो रात्रभर जळतो. म्हणून शिडीच्या वरच्या टोकाशी दुसरी कळ बसवितात.

मुंबईस १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून वीज येऊ लागली आणि गोवंडीनजीक ट्रॉम्बे येथे १९५६ साली औष्णिक केंद्र सुरू झाले. वीज कोठूनही येवो, घरातील दिव्यास दोन तारा लागतात. न्यूट्रलची तार दिव्याकडे सरळ जाते. फेजची तार कळीतून जाते. फेजच्या तारेत सुमारे २३० व्होल्टचा दाब असतो.

दोन कळींची युक्ती मोठी मौजेची आहे. साध्या कळीत तारा जोडण्याच्या दोन जागा असतात, हिच्यात तीन. फेजची तार खालच्या कळीच्या मधल्या जागी येते. उरलेल्या दोन जागांपासून दोन तारा वरच्या कळीकडे जातात व तिच्या मधल्या जागेतून एक तार दिव्याकडे निघते. आगगाडीचे सांधे रूळ बदलतात, तशी प्रत्येक कळ तार बदलते. दोन्ही कळी एकाच तारेवर टेकल्या, की दिवा लागतो. वेगवेगळ्या तारांवर टेकल्या, की मालवतो. त्यामुळे खाली लावलेला दिवा वरून मालवता येतो.

मात्र एखाद्याने चुकून कळ न्यूट्रलच्या तारेत बसविली, तर काय होईल? दिवा तरीही लागेल व मालवेल. पाहणाऱ्यास शंकाही येणार नाही. परंतु मालवलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये फेजचा दाब तसाच राहील. पावसाळ्यात ओल्या पायांनी लोखंडी शिडीवर उभा राहून कोणी दिवा बदलू लागला, तर त्याच्या जिवावर बेतेल.

म्हणूनच हे काम परवाना असलेल्या तारतंत्र्याचे आहे. तो आधी चालू तारेवर टेस्टर पारखून घेतो. मग मेन स्विच बंद करून प्रत्येक तार तपासतो. तांबडी तार फेजची व काळी न्यूट्रलची, हा जुना संकेत त्यास ठाऊक असतो. पण जुन्या घरात कोणी कोणती तार कोठे जोडली असेल, याचा नेम नाही. काम संपल्यावर तो मेन स्विच लावतो, दिवा कळीने मालवतो आणि होल्डरला टेस्टर लावून पाहतो. टेस्टर उजळला, तर मेन स्विच पुन्हा बंद होतो व जोडणी नव्याने उकलली जाते.