टायमिंग कानाने नव्हे, बल्बने लावा

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उतरली. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या हौशी मालक आजही नव्याने बांधून घेतात. बोअर, पिस्टन, रिंगा यांवर मोठी रक्कम खर्च होते आणि टायमिंग मात्र आवाज ऐकून अंदाजाने लावले जाते. यात गिऱ्हाइकाचे इंजिन जाते आणि कारागिराचे नावही.

मिश्रण पूर्ण पेटायला थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडली तर इंजिन ठोकते, पिस्टन फुटू शकतो. उशिरा पडली तर ताकद घटते, पेट्रोल जास्त जाते, इंजिन तापते.

बंधूंनो, कामाचा क्रम असा ठेवा :

१) आधी पॉइंटचा गॅप फिलर गेजने लावा. गॅप बदलला की टायमिंगही बदलते. म्हणून हे काम नंतर करू नये.

२) गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सर्व प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर बोट ठेवून इंजिन त्याच्या चालीच्याच दिशेने फिरवा. हवा बोटाला ढकलू लागली की कॉम्प्रेशन आले. आता पुलीची खूण त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या अंशावर आणा. अ‍ॅम्बेसेडरचा आकडा पद्मिनीला लावू नये.

३) डेल्कोचा रोटर एक नंबरच्या वायरीकडे हवा. बाकी वायरी १-३-४-२ या क्रमाने.

४) कॉइलच्या ज्या टोकातून डेल्कोला वायर जाते, तिथे १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर लावा, दुसरी बॉडीला. स्विच चालू करा. डेल्को सैल करून आधी रोटरच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग हळूहळू उलट फिरवा. ज्या क्षणी बल्ब पेटेल, तेथेच पॉइंट उघडला. बोल्ट कसा आणि स्विच बंद करा, नाहीतर कॉइल तापेल.

५) इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा तपासा. खुणेवरच बल्ब पेटला तर काम बरोबर.

टायमिंग लाइट असेल तर स्लो चालीवर खात्री करा. व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तिचे तोंड बंद ठेवा.

नव्या पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग उशिरा सरकते. म्हणून काही शे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा. गॅप आणि अंश बिलावर लिहून द्या. कापडाच्या धंद्यात माप लिहून दिले की तक्रार राहत नाही. गॅरेजातही तेच चालते.