घटक ४ : साधा मजकूर आणि द्विमान फाइल

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• साध्या मजकुराची फाइल आणि द्विमान फाइल यांतील फरक सोदाहरण सांगता येईल.
• अक्षर आणि अक्षराचा आकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे संगणकाच्या संदर्भात स्पष्ट करता येईल.
• जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर आणि युनिकोडमधील मराठी मजकूर यांतील भेद ओळखता येईल.
• स्वतः संकलित केलेली भाषिक सामग्री दीर्घकाळ वाचता येईल अशा रूपात जतन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रकल्पासाठी तुमच्यापैकी अनेक जण आपल्या परिसरातील ओव्या, म्हणी किंवा बोलीतील शब्द गोळा करतील. ही सामग्री आधी वहीत उतरेल आणि मग संगणकावर टंकलिखित होईल. ती फाइल आणखी वीस वर्षांनी कोणाला वाचता येईल काय, हा प्रश्न त्या वेळी सहसा आपल्या मनात येत नाही.

माझ्याही मनात तो आला नव्हता. १९९७ साली संशोधनासाठी मी वऱ्हाडी बोलीतील शब्द गोळा केले आणि त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये ते टंकित करून घेतले. यादीची एक छापील प्रत काढली. नंतर मिळालेले शब्द मात्र केवळ फाइलमध्येच वाढवत गेलो. दहा वर्षांनी नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तेव्हा मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसली. जुना फॉन्ट कोठेच मिळेना. ज्या वृद्ध स्त्रियांनी ते शब्द सांगितले होते, त्यांतील बहुतेक जणी तोवर हयात नव्हत्या.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. फाइल बिघडलेली नव्हती. तिच्यातील एकही बाइट हरवला नव्हता. हरवला होता तो बाइटांचा अर्थ लावण्याचा संकेत. हे कसे घडते, ते समजून घेणे हाच या घटकाचा विषय आहे.

४.२ फाइल : संख्यांची रांग

संगणकातील कोणतीही फाइल म्हणजे बाइटांची रांग होय. एक बाइट आठ द्विमान अंकांचा असतो, म्हणून त्याचे मूल्य ० ते २५५ यांपैकी काहीही असू शकते. फाइलमध्ये अक्षर नसते, चित्र नसते, आवाजही नसतो. असतात त्या केवळ संख्या. कोणत्या संख्येचा अर्थ काय, हे संकेताने ठरते. सोस्यूरच्या विवेचनात तुम्ही भाषिक चिन्हाची यादृच्छिकता अभ्यासली आहे. ‘झाड’ या ध्वनिरूपाचा आणि त्या वस्तूच्या संकल्पनेचा संबंध जसा स्वाभाविक नसून रूढ असतो, तसाच ६५ या संख्येचा आणि रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’ या अक्षराचा संबंधही रूढ आहे.

साध्या मजकुराच्या फाइलमधील सर्व बाइट एकाच सार्वजनिक वर्णसंकेतानुसार वाचायचे असतात. तिच्यात अक्षरे, अंक, विरामचिन्हे, मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण यांखेरीज काहीही नसते. ठळकपणा, रंग, अक्षराचा आकार यांची नोंद तेथे होत नाही. ओळ संपल्याची खूणही एक संख्याच असते : लिनक्स प्रणालीत १०, तर विंडोजमध्ये १३ आणि १० अशी जोडी.

द्विमान फाइलमधील बाइटांचा अर्थ त्या त्या फाइलप्रकाराच्या स्वतंत्र रचनेनुसार लावावा लागतो. छायाचित्र, ध्वनिमुद्रण आणि संगणकाचे कार्यक्रम या वर्गात येतात. एका उदाहरणाने भेद स्पष्ट होईल. १९९१ ही संख्या इंग्रजी अंकांत साधा मजकूर म्हणून लिहिली, तर प्रत्येक अंकाचा एक याप्रमाणे चार बाइट लागतात : ४९, ५७, ५७, ४९. तीच संख्या द्विमान रूपात ७ आणि १९९ या दोन बाइटांत मावते, कारण ७ गुणिले २५६ अधिक १९९ म्हणजे १९९१. दुसरे रूप आटोपशीर आहे. परंतु हे दोन बाइट एकत्र वाचायचे आहेत आणि कोणता आधी धरायचा, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

मूलतः सर्वच फाइली द्विमान अंकांत असतात. म्हणून ‘द्विमान फाइल’ ही संज्ञा ‘जी मजकूर म्हणून वाचायची नाही ती’ अशा मर्यादित अर्थाने घ्यावी. फाइलच्या नावापुढील शेपूट बदलल्याने आतील बाइट बदलत नाहीत. छायाचित्राला ‘टीएक्सटी’ हे शेपूट जोडले म्हणून ते मजकूर होत नाही.

वर्ड या कार्यक्रमातील ‘डॉक्स’ प्रकारची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आरंभी रोमन ‘पीके’ ही दोन अक्षरे आणि पुढे निरर्थक चिन्हे दिसतील. ही फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असते आणि ‘पीके’ ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. असा प्रयोग फाइलच्या प्रतीवरच करावा आणि ती नोटपॅडमधून जतन करू नये; तसे केल्यास फाइल निकामी होऊ शकते.

४.३ अक्षरांचे क्रमांक

१९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतात केवळ १२८ क्रमांक होते. त्यांत रोमन लिपी सामावली. देवनागरीला जागा नव्हती. भारतीय लिपींसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ विभागाला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक दिलेले आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, ‘म’चा २३५०.

हे क्रमांक २५५ हून मोठे असल्याने एका बाइटात मावत नाहीत. ते बाइटांत कसे मांडायचे, याची सर्वाधिक रूढ पद्धत म्हणजे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेली यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. आता ‘मराठी’ हा शब्द पाहा. वाचताना त्यात तीन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाच क्रमांक. फाइलमध्ये पंधरा बाइट.

साध्या मजकुराची एक मर्यादाही येथे ध्यानात घ्यावी. आपला संकेत कोणता, हे फाइल सहसा स्वतः सांगत नाही. यूटीएफ-८ मधील मराठी मजकूर एखाद्या कार्यक्रमाने जुन्या युरोपीय संकेतानुसार वाचला, तर २२४ या बाइटाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ अक्षर पुन्हा पुन्हा दिसते. असे दिसल्यास फाइल पुसू नये. योग्य संकेत निवडून ती पुन्हा उघडावी.

४.४ आकार नव्हे, अक्षर

जुन्या मराठी फॉन्टमध्ये काय होत असे? फाइलमध्ये क्रमांक जात रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचे. फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी मराठी आकार काढून दाखवी. मराठी होती ती केवळ पडद्यावर आणि कागदावर. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात अर्थहीन होई.

शिवाय हे फॉन्ट लेखनाचा दृश्यक्रम पाळत. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर येई. ‘धर्म’ या शब्दात रफार ‘म’नंतर येई. युनिकोडमध्ये उच्चारणाचा क्रम जतन होतो : ‘क’ आणि मग वेलांटी; ध, र, हलन्त, म. म्हणूनच युनिकोडमधील मजकुरात शब्द शोधता येतो आणि याद्या अकारविल्हे लावता येतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. युनिकोडमध्ये दोन्ही शब्दांचे पाच-पाच क्रमांक आहेत आणि भेद एकाच ठिकाणी आहे : पहिल्यात २३५२ क्रमांकाचा ‘र’, दुसऱ्यात २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’.

माझ्या यादीचे पुढे काय झाले? छापील प्रत आणि फाइल ओळीने ताडून, कोणत्या रोमन अक्षरामागे कोणता मराठी आकार आहे याचा तक्ता मी तयार केला. त्याच्या आधारे, न छापलेले बहुतेक शब्दही वाचता आले. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. म्हणून ‘य’ आणि ‘ळ’ यांची नोंद माझ्या दृष्टीने मोलाची होती. परंतु छापील प्रतीत न आलेल्या काही जोडाक्षरांचा उलगडा झाला नाही. ते शब्द आजही प्रश्नचिन्हासह यादीत आहेत. विचारावे असे त्या गावात आता कोणी उरलेले नाही.

४.५ जतन कसे करावे

१. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. शंका असल्यास मजकुराचा फॉन्ट बदलून पाहावा. मराठीची रोमन अक्षरे झाली, तर तो युनिकोड नव्हे.
२. सजावटीची फाइल स्वतंत्र ठेवावी आणि मजकुराची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात, यूटीएफ-८ निवडून, जतन करावी.
३. ध्वनिमुद्रण आणि छायाचित्र द्विमानच राहणार. त्यांच्यासोबत कोणी, कोठे, केव्हा सांगितले याची साध्या मजकुरातील नोंद ठेवावी.
४. मूळ वही टाकून देऊ नये.

४.६ सारांश

प्रत्येक फाइल संख्यांची रांग असते. साधा मजकूर सार्वजनिक वर्णसंकेताने वाचला जातो, तर द्विमान फाइल तिच्या विशिष्ट रचनेनुसार. जुन्या फॉन्टने आकार जतन केला. युनिकोड अक्षर जतन करतो. भाषेच्या अभ्यासकाला अक्षर हवे असते.

४.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘क्ष’ लिहिण्यासाठी युनिकोडचे किती क्रमांक आणि यूटीएफ-८ चे किती बाइट लागतात?
२. देवनागरी अंकांत लिहिलेले १९९१ यूटीएफ-८ मध्ये किती बाइटांचे असते?

उत्तरे : १. तीन क्रमांक (क, हलन्त, ष), नऊ बाइट. २. बारा बाइट.

४.८ स्वाध्याय

१. ‘अक्षर आणि अक्षराचा आकार’ हा भेद दोन मराठी उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. नोटपॅडमध्ये केवळ ‘मराठी’ हा शब्द लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि तिचा आकार तपासा. तो १५ बाइट असावा; १८ आढळल्यास आरंभी संकेताची तीन बाइटांची खूण जोडली गेली आहे, असे समजावे.
३. घरातील वा शेजारील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून बोलीतील वीस शब्द अर्थांसह मिळवा. ते वहीत लिहा आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जतन करा. हे काम पुढील संपर्कसत्रापूर्वी पूर्ण करावे.