दिवसाच्या दरावरची नोकरी

ड्रिलिंग कन्सल्टंट होण्याचा कोणताही कोर्स नसतो. अमळनेर, चोपडा, शिरपूरकडून सल्ला विचारायला येणाऱ्या मुलांना मी आधी हेच सांगतो. कारण या नावाखाली महागडी सर्टिफिकेटं विकणारे पुष्कळ आहेत.

कन्सल्टंट म्हणजे रिगवरचा 'कंपनी मॅन'. रिग एकाची, मड (विहिरीत फिरवायचा जड गारा) दुसऱ्याचं, सिमेंटिंग तिसऱ्याचं. या सगळ्यांकडून काम करून घेत विहीर सुखरूप तळापर्यंत नेण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. अनेक कंपन्या या जागेवर पगारी माणूस न ठेवता दिवसाच्या दरावर अनुभवी माणूस बोलावतात. तो फ्लोअरमन, डेरिकमन, असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर, टूलपुशर अशा पायऱ्या चढून आलेला असतो, नाहीतर ड्रिलिंग इंजिनिअर म्हणून त्याची दहा-पंधरा वर्षं रिगवर गेलेली असतात.

आपल्याकडे गावोगाव बोअरच्या गाड्या फिरतात, त्यामुळे हे काम तसंच असेल असं मुलांना वाटतं. बोअरवाला हवेच्या दाबावर हातोडा चालवून काळा दगड फोडतो आणि पाणी लागलं की सगळे खूश होतात. तेलविहिरीत मात्र खालून काही आपोआप वर येऊ लागलं तर ते संकट असतं. खडकातला वायू मडच्या वजनानं दाबून धरावा लागतो. वजन कमी पडलं की तो विहिरीत शिरतो. त्याला 'किक' म्हणतात. टाकीतल्या मडची पातळी वाढू लागते, पंप थांबवले तरी विहीर वाहत राहते. अशा वेळी विहिरीच्या तोंडावरचा बीओपी हा झडपांचा संच मिटवून विहीर बंद करायला हाताशी काही मिनिटंच असतात. जानेवारी 1995 मध्ये आंध्रातल्या पासरलापुडीला विहीर उसळली आणि ती आग दोन महिन्यांहून जास्त जळत राहिली. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर 11 माणसं गेली. त्याआधी काही तास विहिरीच्या दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. रिगचं भाडं तासातासाला चढत असतं, वरून घाई करणारे फोन येत असतात. अशा वेळी "थांबा, पुन्हा टेस्ट करा" असं ठामपणे म्हणता येणं हाच कन्सल्टंटचा खरा हुन्नर. तो वर्गात मिळत नाही. रात्रपाळ्या करूनच अंगी येतो.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत मेकॅनिकल शिकणाऱ्यांनी आधी गेट परीक्षेचा अभ्यास करावा. ओएनजीसीत गेटच्या गुणांवर इंजिनिअर घेतले गेले आहेत आणि ड्रिलिंगच्या जागांना मेकॅनिकलवालेही चालतात. बारावीला असाल तर धनबादची आयआयटी आणि पुण्यातलं एमआयटी, दोन्हीकडे पेट्रोलियम इंजिनिअरिंग आहे. आपल्याला जवळचं तेलक्षेत्र म्हणजे अंकलेश्वर. सुरतेच्या गाडीनं जाता येतं. तिथं रिग कंपन्यांत खालच्या जागेवर लागायला लाजू नका.

आता पैशाचं. कन्सल्टंटचा दर ऐकून घरचे हरखतात, पण तो फक्त कामाच्या दिवसांचा असतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. आयडब्ल्यूसीएफ या संस्थेचं वेल कंट्रोल (विहिरीतला दाब काबूत ठेवण्याचं) सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नव्यानं काढायचं, तेही बहुधा आपल्या खिशातून. कापसासारखाच तेलाचा भावही आपल्या हातात नसतो. 2014 च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप जानेवारी 2016 मध्ये तीस डॉलरच्या खाली आलं. त्या पडझडीत माझं काँट्रॅक्ट एका ईमेलनं संपलं. शेवटचं बिल मधल्या मॅनपॉवर कंपनीनं अडवून ठेवलं, कारण करारात 'आम्हाला मिळाले तर तुम्हाला देऊ' असं कलम होतं. असं कलम दिसलं की ते बदलून घ्या, नाहीतर तिथं सही करू नका. नोटीस किती दिवसांची, रिग उभी राहिली तर निम्मा दर तरी मिळणार का, आजारी पडल्यास हेलिकॉप्टरचा खर्च कोणाचा, चूक झाल्यास नुकसानभरपाई कोणावर, हे चारही प्रश्न लेखी सोडवून घ्या. वर्षभराचा घरखर्च बँकेत साठल्याशिवाय पक्की नोकरी सोडू नका आणि दिवसाच्या दराच्या भरवशावर घराचं कर्ज तर मुळीच उचलू नका.

अठ्ठावीस दिवस काम, अठ्ठावीस दिवस घरी अशा पाळीवर परदेशात जाणाऱ्यांनी पासपोर्टवरचे शिक्के मोजत राहावं. वर्षात 182 दिवस भारतात भरले तर तुम्ही इथले रहिवासी ठरता आणि तिकडच्या कमाईचा हिशेबही इथे द्यावा लागतो. ही पाळी नेमकी त्याच काठावर चालते, एखादी पाळी रद्द झाली की गणित फिरतं. सीएला वर्षाच्या सुरुवातीलाच गाठा.

आणि सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते पालकांना. आखातातल्या रिगवर लावतो म्हणून काही लाख मागणारे एजंट आपल्या तालुक्यांतही फिरतात. भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेण्याची कायद्यानं मुभा आहे. नोंदणी केलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. त्यात नाव नसेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका, आणि अशा माणसासाठी शेताचा तुकडा तर विकूच नका.