चार अब्जांच्या संख्येशी झटताना

ऑलिंपियाडच्या मुलांना मी दरवर्षी फळ्यावर एक संख्या देतो : ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. तिच्याशी झटताना हाती लागलेलं थोडं :

१. आधी तिचं कूळ विचारावं : २ चा घातांक १ पासून दुप्पट करत न्यायचा आणि दरवेळी आलेल्या घातात १ मिळवायचा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही तिची थोरली भावंडं, आणि पाचही मूळ. त्यावरून फर्माने ठरवलं की हे सगळं घराणंच मूळ संख्यांचं. पण गणितात पाच साक्षीदारांवर निकाल लागत नाही. १७३२ मध्ये ऑयलरने हिचे अवयव पाडले.

२. शाळेतल्या कसोट्या झटपट उरकाव्यात. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. पुढे.

३. दिसेल त्या मूळ संख्येने भागत सुटू नये. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे जातं आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. एखादा चिवट मुलगा ७, ११, १३ करत निघतोच. मी त्याला थोडा वेळ अडवत नाही. मग ऑयलरची युक्ती सांगतो : या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार निःशेष! भागाकार ६७,००,४१७, आणि तीही मूळच. पुढे एकोणिसाव्या शतकात ल्युकासने ६४ च्या जागी १२८ आणले. आता ६४१ पर्यंत उरतात २५७ आणि ६४१. त्यातली २५७ भावंडांपैकीच, आणि या घराण्यात कुणाही दोघांना सामाईक अवयव नसतो. म्हणजे पहिलाच घाव वर्मी. मुलं म्हणतात, ‘सर, ही तर चीटिंग झाली.’

४. मला स्वतःला मात्र भागाकाराशिवायची वाट जास्त आवडते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. ६४१ ने भागलं की ५ × १२८ ची बाकी उणे १ धरता येते. चौथा घात केला की बाकी १. पण ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे बाकीच्या हिशेबात उणे १६. आणि १२८ चा चौथा घात २ चा २८ वा. गुणाकार उणे २ चा ३२ वा घात. त्याची बाकी १, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची उणे १, तर त्यात १ मिळवलेल्या आपल्या संख्येची शून्य. तीन ओळींत काम!

५. शेजारीपाजारी डोकवावं. एकाने लहान संख्या म्हणजे इंटरनेटच्या जुन्या, ३२ बिटी पत्त्यांची एकूण संख्या. दोनाने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ म्हणजे त्या पाच भावंडांचा गुणाकार. गाउसच्या सिद्धांतानुसार इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो (कागद कुठून आणायचा ते विचारू नका). विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज आजवर माहीत नाही.

६. ६५,५३७ नंतर या घराण्यात एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही त्यातलीच, ३,१५,६५३ अंकी. ती संयुक्त असल्याचं सिद्ध झालं आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिचा एकही अवयव मात्र अजून कुणाला मिळालेला नाही.