कोरडी करून तोलतो, मालक!

नांदेडला हिंगोली गेट ते गुरुद्वारा अशा माझ्या दोन ई-रिक्षा चालतात. एकेका रिक्षात बारा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या. त्या बसल्या की भंगारवाल्याला किलोवर द्यायच्या, हा आमचा शिरस्ता. तो म्हणायचा, "कोरडी करून तोलतो, मालक." म्हणजे टोपणं काढून बॅटरी नालीवर उपडी करायची. शहाबादी फरशीवर ॲसिड फसफसायचं. एकदा शिंतोडे उडालेली पँट धुतली, तर चाळण होऊन हातात आली. तरी मी शहाणा झालो नाही.

हीच सवय मी लातूरला पोचवली. भाच्याच्या स्कूटरची लिथियम बॅटरी पावसात भिजून बंद पडली. फोनवर म्हणाला, "मामा, गाडी चालंना." मी म्हणालो, "बॅटरी दे भंगारात." तिथल्या भंगारवाल्यानं सांगितलं, पेटी फोडून तांबं वेगळं काढ, भाव वाढवून देतो. भाचा गच्चीवर पेचकस घेऊन बसला. पेचकस दोन पट्ट्यांना एकदम टेकला. ठिणगी उडाली, कुकरसारखी वाफ सुटली आणि गच्चीभर पांढरा धूर झाला. ताईनं दोन बादल्या ओतल्या तेव्हा आग विझली. अर्ध्या तासानं तीच बॅटरी पुन्हा पेटली! भाच्याच्या उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही.

गाडी ओढायला कमी पडणारी बॅटरी हात भाजायला पुरून उरते, हे मला तेव्हा कळलं. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचं पोर गेलं. ती बातमी मी वाचली होती, पण वाचून सोडून दिली होती.

म्हणून सांगतो. लिथियमची बॅटरी फुगली, भिजली किंवा आपटली, तर चार्जिंगला लावू नका, उघडू तर मुळीच नका. घराबाहेर, सावलीत, जळणापासून लांब ठेवा. धूर दिसला की माणसं बाहेर काढा आणि १०१ला फोन करा. एसटीच्या पार्सलनं पाठवू नका.

शिशाची बॅटरी उभी, ॲसिडसकट, नवी घेताना दुकानात द्या आणि जुनीची वजावट बिलावर लिहून घ्या. उघड्यावर शिसं वितळवलं की त्याची धूळ आधी भंगारवाल्याच्याच पोरांच्या अंगात जाते. युनिसेफच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात घातक प्रमाणात शिसं आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांची अशी वितळवण हे त्याचं एक मोठं कारण.

विक्रेता टाळाटाळ करील. त्याला सांगा, ऑगस्ट २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्यात गाडीच्या बॅटऱ्याही आल्या. पावतीवर बॅटरीचा नंबर घ्या. आपल्यावरही एक जबाबदारी आहे: इतर कचऱ्यात ती मिसळायची नाही. बॅटरीवरची फुली मारलेली कचरापेटी तेच सांगते.

भंगारवाला अजून दारावर येतो. मी त्याला रद्दी देतो, पत्रा देतो. बॅटरीचं विचारलं की भाच्याच्या हाताची गोष्ट सांगतो.