झाडाच्या सालीखालची अळी

लोणी काळभोरला आमच्या अंगणात पेरूचे झाड आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बेचक्यात तपकिरी भुशाची जाळी दिसली. वाळवी समजून मी चुना लावला आणि विसरले. पुढच्या उन्हाळ्यात फांदी वाळली. ती साल खाणारी अळी होती. शास्त्रीय नाव इंदरबेला.

गेल्या डिसेंबरात जव्हारकडच्या एका पाड्यावर आंब्याच्या खोडांवर तीच जाळी पाहिली आणि पोटात गोळा आला. त्या कुटुंबाची एक एकर ‘वाडी’ आहे, आंबा-काजूची. (ही पद्धत बाएफ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी कुटुंबांबरोबर सुरू केली. बाएफची स्थापना मात्र १९६७ सालची, आमच्या शेजारच्या उरुळी कांचनची.) हंड्याने पाणी घालून जगवलेली झाडे ती. घरच्या आजींनी विचारले, “ताई, ही माती झाडावर कशी चढली?”

माती नव्हे, अळीची विष्ठा आणि कुरतडलेली साल, रेशमाने विणलेली. पावसाच्या तोंडावर फिकट तपकिरी पतंग बाहेर पडतो, थोडेच दिवस जगतो. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. आठ-दहा दिवसांत ती फुटतात. अळी बेचक्यात भोक पाडून दिवसा आत बसते आणि रात्री जाळीच्या आडोशाने साल खाते. असे नऊ-दहा महिने! एप्रिलच्या सुमारास त्याच भोकात कोष होतो. वर्षाला एकच पिढी. युरोपात हिची एक थोराड, दूरची नातलग आहे. ती तीन-चार वर्षे खोडात राहते आणि तिला बोकडासारखा वास येतो म्हणे.

भोकापेक्षा सालीचे नुकसान मोठे. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. साल गेली की झाड उपाशी राहते. दुर्लक्षित, दाट बागेत ही अळी जास्त.

आजींच्या नातवाने सायकलची तार आणली. आम्ही जाळी खरवडली, भोकात तार फिरवली, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपला. तीन झाडांतून चार अळ्या निघाल्या. पावसाळा सरल्यावर जाळी दिसू लागते, तेव्हापासून कोष होण्याआधी हे काम उरकायचे. पतंग उडून गेल्यावर उपयोग नाही.

परवा फोन आला. आजी आता दर रविवारी खोडे बघतात, आणि ती तार दाराच्या चौकटीत खोचलेली असते.